६जीमध्ये संशोधनाचा विषय निवडताना आधी अपलिंकचा हिशेब करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सांगलीत एम.टेक.ला आहात आणि प्रबंधासाठी ६जीमधला विषय हवा आहे. मार्गदर्शक टेराहर्ट्झ, म्हणजे शेकडो गिगाहर्ट्झच्या अतिउच्च वारंवारता, सुचवतात, सीनियर सांगतात एआय घे म्हणजे नोकरी लागेल, आणि वर्गमित्राने आरआयएस, म्हणजे लहरी वळवणारे पृष्ठभाग, घेतलं आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय, "माझं गाव भुदरगड तालुक्यात, गारगोटीच्या पुढे. घरी फोनवर ४जीच्या दोन काड्या दिसतात. आईला माझा आवाज नीट जातो, पण तिचा माझ्यापर्यंत तुटत तुटत येतो. गावात ४जीची ही गत असताना ६जीवर संशोधन करायचं ते कशासाठी?"

मी २३ वर्षं रेडिओ नेटवर्कच्या प्लॅनिंगमध्ये आणि ऑप्टिमायझेशनमध्ये काढली. त्यातली बरीच पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात गेली. गेली काही वर्षं पुढच्या पिढीच्या मानकांवर काम करणाऱ्या गटात आहे. तुमचा प्रश्न तीन पर्यायांतून एक निवडण्याचा वाटतो, पण खरी अडचण वेगळी आहे. विषय ज्या अडचणीतून यायला हवा, ती तुम्ही सगळ्यात शेवटी आणि जरा संकोचून लिहिली आहे. "आईला माझा आवाज जातो, तिचा माझ्याकडे येत नाही" हे अपलिंक, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणारी दिशा, कमी पडण्याचं नेमकं लक्षण आहे, आणि अपलिंक हा आज वायरलेस संशोधनातला सगळ्यात प्रामाणिक विषय आहे असं मी मानतो.

अर्थात गावात न येता निदान करणं धोक्याचं असतं. आवाज तुटण्याची इतरही कारणं असू शकतात. फक्त संध्याकाळी सात ते दहा त्रास होत असेल तर तो गर्दीचा प्रश्न आहे. काड्या भरपूर आणि तरी गावात कोणाचंच काही चालत नाही, असं असेल तर टॉवरला मागून जोडणारी लिंक पडलेली असते. बोलताना दर दोन मिनिटांनी कॉल कटत असेल तर दोन टॉवरच्या सीमेवरची हँडओव्हरची, म्हणजे कॉल एका टॉवरवरून दुसऱ्यावर सोपवण्याची, भानगड असते. पण दिवसभर, एकाच घरात, एकाच दिशेचा आवाज तुटत असेल तर मी आधी अपलिंक बघेन.

कारण साधं आहे. ग्रामीण ४जी टॉवर एका अँटेना पोर्टवर साधारण ४० वॅट सोडतो. तुमच्या आईच्या फोनची कमाल ताकद ०.२ वॅट, म्हणजे २३ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली ताकद). दोघांत २०० पटींचा, २३ डीबीचा फरक आहे (डीबी ही पटी मोजायची मोजपट्टी, दर १० डीबीला दहापट). शहरातल्या ५जीच्या मोठ्या पॅनेलचे २०० वॅट धरले तर हा फरक १,००० पट होतो. टॉवरचा रिसीव्हर फोनपेक्षा चांगला असतो, त्याच्या अँटेना जास्त असतात, आणि फोन आपली सगळी ताकद अरुंद पट्ट्यात ओततो. त्यामुळे दरी बरीचशी भरून निघते, पण पूर्ण नाही. फोनवरच्या काड्या मात्र फक्त टॉवरकडून काय येतंय तेवढंच दाखवतात. आपलं बोलणं टॉवरपर्यंत पोचतं की नाही हे त्या सांगत नाहीत. म्हणून "रेंज आहे पण आवाज जात नाही" ही तक्रार आम्ही इतकी वर्षं ऐकत आलो आहोत. ती करणारा माणूस बरोबर असतो.

हा हिशेब हातात ठेवून आता तुमचे तिन्ही विषय बघू.

टेराहर्ट्झपासून सुरू करतो. भारतातलं ५जी मुख्यतः ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं आणि काही ठिकाणी ७०० मेगाहर्ट्झवर. ६जीच्या शोधनिबंधांत १४० गिगाहर्ट्झ ते ३०० गिगाहर्ट्झ हे आकडे वारंवार दिसतात. मोकळ्या हवेतला तोटा वारंवारतेच्या वर्गाने वाढतो. ७०० मेगाहर्ट्झवरून ३.५ गिगाहर्ट्झवर गेलात की १४ डीबी जातात. तिथून १४० गिगाहर्ट्झवर गेलात की आणखी ३२ डीबी, म्हणजे १,६०० पट. हा तोटा अँटेनाने भरून काढता येतो हे खरं, कारण तरंगलांबी २ मिलिमीटर झाली की तळहाताएवढ्या जागेत शेकडो अँटेना बसतात आणि बीम सुईसारखा होतो. पण मग ती सुई हलत्या फोनवर धरून ठेवावी लागते, मधे हात किंवा माणूस आला की सगळं तुटतं, आणि त्या वारंवारतेला फोनच्या ॲम्प्लिफायरमधून निघणारी ताकद मिलिवॅटमध्ये मोजावी लागते. म्हणजे जी दिशा आधीच कमजोर आहे तिलाच आपण आणखी दुबळं करतो.

याचा अर्थ टेराहर्ट्झ निरुपयोगी असा नाही. जगदीशचंद्र बोसांनी १८९०च्या दशकात कोलकात्यात ५ मिलिमीटर तरंगलांबीच्या लहरींवर प्रयोग केले होते, हे आठवलं की मला आजही अभिमान वाटतो. आज नवीन आहे ते त्या वारंवारतेला चालणारं स्वस्त अर्धवाहक तंत्र. २०१७ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २५२ ते ३२५ गिगाहर्ट्झसाठी ८०२.१५.३डी हे मानक काढलं, ते बिंदू ते बिंदू जोडण्यांसाठी, डेटा सेंटरमधल्या रॅकसारख्या जागांसाठी आहे. तुमच्या कॉलेजात त्या वारंवारतेचं मोजमाप करणारी उपकरणं असतील, किंवा मार्गदर्शकांचा मुंबईतल्या समीर (सरकारी मायक्रोवेव्ह संशोधन संस्था) किंवा आयआयटीसारख्या प्रयोगशाळेशी जिवंत संपर्क असेल, तर जरूर घ्या. नसेल तर दोन वर्षं फक्त मॅटलॅबमध्ये, संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये, जातील आणि मौखिकीत "प्रत्यक्ष मोजलं का?" या प्रश्नाला उत्तर नसेल.

पावसाचं इथेच सांगतो, कारण तो शोधनिबंधात तळटिपेत असतो आणि आपल्याकडे वर्षातले चार महिने असतो. २०२३च्या जुलैमध्ये आंबोलीच्या खालच्या अंगाला एका टॉवरची तक्रार आली. दुपारी पाऊस जोरात आला की गावाचा डेटा बंद, पाऊस ओसरला की आपोआप सुरू. त्या टॉवरला जोडणारी लिंक ८० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली, २.६ किलोमीटरची होती. मी टॉवरखालच्या यंत्रांच्या खोलीत, शेल्टरमध्ये, लॅपटॉप लावून बसलो. कोरड्यात रिसीव्ह लेव्हल उणे ४१ होती. दरीतून ढग वर चढले, पत्र्यावर पाऊस इतका वाजू लागला की शेजारच्या तंत्रज्ञाला ओरडून बोलावं लागत होतं. आकडा उणे ४८, उणे ५७, उणे ६६, आणि मग लिंक गेली. बाहेर चहाच्या टपरीवर उभ्या लोकांच्या फोनवर काड्या भरलेल्या होत्या, पण मेसेज कोणाचा जात नव्हता. अकरा मिनिटांनी पाऊस हलका झाला आणि लिंक परत आली. नंतर प्लॅनिंगची फाइल उघडली तेव्हा कळलं, पावसाचा दर कोरड्या प्रदेशाचा भरला होता. तासाला १०० मिलिमीटर दराच्या पावसात ८० गिगाहर्ट्झला दर किलोमीटरमागे ३० डीबीच्या आसपास तोटा होतो. १५ गिगाहर्ट्झला तोच ८ डीबीच्या आसपास राहतो. आम्ही शेजारी १५ गिगाहर्ट्झची कमी वेगाची लिंक उभी केली आणि दोन्ही एकत्र बांधल्या. पाऊस आला की वेग कमी होतो, पण गाव तुटत नाही.

त्या दिवशीची ती आकड्यांची घसरण मी जपून ठेवली आहे, कारण तिच्यात आणखी एक विषय दडलेला आहे. लिंकची ताकद पावसाने किती घटली हे कळलं तर पाऊस किती पडला हे उलट काढता येतं. तेल अवीव विद्यापीठातल्या हागित मेसेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हीच कल्पना मांडली, आणि पुढे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अख्ख्या देशाच्या मोबाइल लिंकवरून पावसाचे नकाशे काढले. ६जीत ज्याला संवाद आणि संवेदन एकत्र म्हणतात, म्हणजे एकाच लहरीने बोलायचं आणि आजूबाजूचं जगही मोजायचं, त्याचं हे सगळ्यात साधं रूप आहे. इतर रूपं अवघड आहेत. १०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या ५जी सिग्नलने रडारसारखं अंतर मोजायचं झालं तर दोन वस्तूंमधला भेद फार तर दीड मीटरपर्यंत कळतो, आणि एकाच टॉवरने पाठवता पाठवता स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकायचा म्हटलं की स्वतःच्या आवाजाने कान बधिर होतात. पावसाला मात्र यातलं काहीच लागत नाही. लिंक आधीपासून उभ्या आहेत. घाटमाथ्यावर एका खोऱ्यात धो धो आणि शेजारच्यात भुरभुर असते, हे तुम्हाला गावामुळे माहीत आहेच, आणि तिथे पर्जन्यमापक विरळ आहेत. कंपनीकडून लिंकचा डेटा मिळवणं हीच खरी कसोटी. ते ओळखीपाळखीवर आणि कॉलेजच्या पत्रावर अवलंबून आहे, हे मोकळेपणाने सांगतो.

आता आरआयएस. भिंतीवर लावायचा असा पृष्ठभाग, ज्यावरचे शेकडो छोटे तुकडे लहरीला हव्या त्या दिशेला वळवतात. कल्पना सुंदर आहे, आणि डोंगराळ भागातल्या मायक्रोवेव्हवाल्यांना ती ओळखीची वाटते, कारण डोंगरावर मोठा पत्र्याचा फलक उभा करून लिंक वळवण्याची पद्धत कितीतरी जुनी आहे. ते फलक खोलीएवढे का असायचे, याचं उत्तर गणितात आहे. पृष्ठभाग लहान असेल तर टॉवर ते फलक आणि फलक ते फोन हे दोन तोटे एकमेकांशी गुणले जातात. १०० मीटर अधिक १०० मीटर म्हणजे २०० मीटरचा तोटा असा हिशेब चालत नाही. तो भरून काढायला पृष्ठभाग बराच मोठा लागतो, नाहीतर त्यात ॲम्प्लिफायर बसवावा लागतो, आणि ॲम्प्लिफायर बसवला की तो रिपीटर, म्हणजे सिग्नल वाढवून पुढे पाठवणारं यंत्र, झाला. थ्रीजीपीपीने, म्हणजे मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या जागतिक गटाने, आपल्या मानकाच्या रिलीज १८ या आवृत्तीत नेमका तो रस्ता धरला. नेटवर्कच्या सूचनेने चालणारा रिपीटर मानकात आला, आरआयएस आला नाही. तुमच्या मित्राने विषय घेतला असेल तर त्याला नाउमेद करू नका. फक्त सांगा, प्रत्येक आलेखात त्याच जागी एक साधा रिपीटर ठेवला असता तर काय झालं असतं ती रेषाही काढ. ती एक रेषा प्रबंधाची किंमत वाढवते.

एआयबद्दल मी उत्साही आहे, पण माझी एक अट आहे. थ्रीजीपीपीने रिलीज १८ मध्ये फोन आणि टॉवर यांच्यामधल्या हवाई दुव्यावर एआयचा उपयोग तीन ठिकाणी तपासला: चॅनेलची, म्हणजे लहर वाटेत कशी बदलते त्याची, माहिती दाबून परत पाठवणं, बीम निवडणं आणि फोनचं स्थान काढणं. तिन्ही उपयोगी आहेत. अडचण दुसरीकडे आहे. बहुतेक निबंधांत मॉडेल ज्या चॅनेलवर शिकतं तो प्रमाणित सांख्यिकी मॉडेलमधून बनवलेला असतो, आणि परीक्षाही त्याच्यावरच होते. त्यात जांभ्या दगडाची भिंत नसते, वर पत्रा आणि खाली फणसाची दाट सावली नसते. असं मॉडेल घेऊन मी स्वतः एका निमशहरी भागात बीम निवडायला लावलं आहे. प्रयोगशाळेत जे पहिल्या प्रयत्नात बरोबर सांगत होतं, ते पत्र्याच्या शेडच्या ओळीत वारंवार चुकीचा बीम धरून बसलं, कारण तिथे परावर्तित लहर थेट लहरीपेक्षा जोरदार होती. पुन्हा शिकवायला आमच्याकडे त्या जागेचा मोजलेला डेटा हवा होता आणि तो नव्हता. म्हणून अट ही, की एआय घ्याल तर मोजलेला डेटा तुमचा हवा. मॉडेल आज कोणीही उतरवून घेतो. भुदरगडच्या उतारावरच्या घरांचा चॅनेल मोजलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण यादीत घालावंसं वाटतं ते ७ ते ८ गिगाहर्ट्झ. २०२७ मध्ये होणाऱ्या जागतिक रेडिओ परिषदेत ६जीसाठी ज्या पट्ट्यांचा अभ्यास मांडला जाणार आहे त्यात ७.१२५ ते ८.४ गिगाहर्ट्झ आहे. हा पट्टा मला का आवडतो याचं गणित एका ओळीचं आहे. ३.५ वरून ७.८ गिगाहर्ट्झवर गेलं की सुमारे ७ डीबी तोटा वाढतो, पण टॉवरवरच्या तेवढ्याच आकाराच्या पॅनेलमध्ये आता पाचपट अँटेना बसतात आणि ते ७ डीबी परत मिळतात. म्हणजे नवे टॉवर न उभारता आहे त्याच जागांवरून बरीच जास्त बँडविड्थ देता येण्याची आशा आहे. परत न मिळणाऱ्या गोष्टी दोन: भिंतीत जाणारी ताकद आणि फोनच्या बाजूचा तोटा. पुन्हा अपलिंकच. शिवाय या पट्ट्यात आधीपासून उपग्रह आणि बिंदू ते बिंदू लिंक बसलेल्या आहेत, त्यांच्याशी जागा वाटून घेणं हाही संशोधनाचाच भाग. असं वाटून घेणं किती नाजूक असतं ते जुन्नर, नारायणगाव भागात काम केलेल्या कोणालाही विचारा. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अवकाशातून येणारी अतिक्षीण कुजबुज ऐकत असतात, आणि आपल्या एखाद्या टॉवरची गळती त्यांच्यासाठी कानाशी वाजणारा ढोल असतो.

उपग्रहाचं थोडक्यात सांगतो, कारण गावाकडचे लोक हल्ली पहिला प्रश्न तोच विचारतात: "आता वरूनच रेंज येणार ना?" साध्या फोनवर थेट उपग्रहातून कॉल लागू शकतो हे सिद्ध झालं आहे. ब्लूवॉकर ३ या ६४ चौरस मीटर अँटेनाच्या उपग्रहावरून २०२३ मध्ये असा कॉल झाला. थ्रीजीपीपीच्या रिलीज १७ पासून मानकातही त्याला जागा आहे. पण ५ किलोमीटरवरच्या टॉवरऐवजी ५५० किलोमीटरवरच्या उपग्रहाशी बोलायचं म्हणजे अंतर ११० पट, तोटा ४१ डीबी जास्त, आणि बोलणारा फोन तोच ०.२ वॅटचा. म्हणूनच अँटेना एवढी अवाढव्य लागते. उपग्रह सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर धावतो, त्यामुळे २ गिगाहर्ट्झला वारंवारता ४० किलोहर्ट्झच्या पुढे सरकते, तर सबकॅरियरची, म्हणजे सिग्नल ज्या छोट्या पट्ट्यांत विभागलेला असतो त्यातल्या एकाची, रुंदी असते १५ किलोहर्ट्झ. हे सगळं सोडवता येतं. क्षमता मात्र वाढवता येत नाही: एका बीमखाली कितीतरी गावं येतात आणि तेवढ्यात सगळ्यांनी वाटून घ्यायचं असतं. मालवणहून खोल समुद्रात गेलेल्या होडीला, दरडीने तुटलेल्या वाडीला मेसेज आणि कॉल मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. गावातल्या सगळ्या मुलांनी व्हिडिओवर वर्ग करायचा असेल तर खाली टॉवरच हवा. तुमच्या आईच्या घराला छतावर झाड आणि मागे डोंगर आहे की उघडं आकाश, यावरही बरंच ठरेल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, कशासाठी करायचं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ६जीची, म्हणजे आयएमटी-२०३०ची चौकट मंजूर केली. तिच्या सहा उपयोगांपैकी एक सर्वदूर जोडणी हा आहे. आपल्या सरकारचं भारत ६जी व्हिजन त्याच वर्षी मार्चमध्ये आलं. थ्रीजीपीपीत रिलीज २० मध्ये ६जीचा अभ्यास आणि रिलीज २१ मध्ये प्रत्यक्ष मानक, असा क्रम ठरला आहे. म्हणजे तुम्ही आज जे मोजाल ते ऐकलं जाण्याची वेळ अजून गेलेली नाही.

आणि भारतातून गेलेली गोष्ट ऐकली जाते याचा दाखला आहे. ५जीच्या वेळी जगाची ग्रामीण चाचणी दोन टॉवरमध्ये १,७३२ मीटर अंतर धरून होणार होती. आपल्या टीएसडीएसआय या मानक संस्थेने सांगितलं, आमच्याकडे टॉवर पंचायतीच्या गावी असतो, वाड्या लांब असतात, आणि लोक सुसाट गाड्यांतून फिरत नसतात. २०१७ मध्ये ६ किलोमीटर अंतराची, कमी वेगाच्या मोठ्या सेलची (एका टॉवरच्या क्षेत्राची) चाचणी आंतरराष्ट्रीय निकषांत आली. त्यासाठी सुचवलेलं तंत्र नेमकं अपलिंकचं होतं. ४जी-५जीत वापरल्या जाणाऱ्या ओएफडीएम लहरीत अधूनमधून उंच शिखरं येतात, ती कापली जाऊ नयेत म्हणून फोनचा ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीच्या खाली चालवावा लागतो. पाय बाय टू बीपीएसके या पद्धतीत लहरीची उंची जवळपास सपाट राहते, म्हणून तोच ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीच्या जवळ नेता येतो आणि आवाज लांब पोचतो. हे सगळं ५जीआय या नावाने गेलं आणि पुढे थ्रीजीपीपीच्या रिलीज १७ मध्ये विलीन झालं. त्याआधी आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघरच्या पाड्यांत टीव्हीच्या रिकाम्या वारंवारता वापरून इंटरनेट नेऊन दाखवलं होतं. ज्या माणसांनी हे केलं त्यांनी सुरुवात गावातल्या अडचणीपासून केली होती. तुमच्याकडे ती सुरुवात घरातच आहे.

तेव्हा माझं मत सांगतो. टेराहर्ट्झ तेव्हाच घ्या जेव्हा उपकरणं हाताशी असतील. आरआयएस घ्याल तर रिपीटरशी तुलना करून. एआय घ्याल तर स्वतःच्या मोजमापावर. मला विचाराल तर शीर्षक असं करेन: डोंगराळ ग्रामीण भागातलं अपलिंक कव्हरेज, आणि ७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ते टिकेल का. यात एआय हवं तेवढं घालता येतं, म्हणजे सीनियरांचाही मान राहतो, आणि मुलाखतीत तुम्ही मोजलेलं सांगू शकता. पीएच.डी.कडे जायचं असेल तर पावसाचा विषय जास्त खोल आहे. लगेच नोकरी हवी असेल तर अपलिंक आणि ऊर्जा बचत यांची जोडी घ्या. रात्री दोन वाजता रिकाम्या गावासाठीसुद्धा टॉवर ठरावीक सिग्नल सोडत राहतो. तो गरजेपुरताच सोडायचा कसा, यावर रिलीज १८ आणि १९ मध्ये काम झालंय आणि कंपन्यांना त्यात खरा रस आहे, कारण विजेचं बिल त्याच भरतात.

साधनांची काळजी करू नका. ओपनएअरइंटरफेस आणि एसआरएसरॅन ही मोकळी सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालतात. त्यांना जोडायचा चांगला रेडिओ महाग असतो, पण २०२३ मध्ये देशभरातल्या १०० शिक्षणसंस्थांना ५जी प्रयोगशाळा देण्यात आल्या, त्यांपैकी तुमच्या जवळ कुठे आहे ते मार्गदर्शकांना विचारा. एक गोष्ट मात्र कडकपणे पाळा. परवानगीशिवाय हवेत काहीही सोडायचं नाही. दोन रेडिओ केबलने जोडा, मधे ४० ते ६० डीबीचे ॲटेन्युएटर घाला, सगळे प्रयोग तसेच करता येतात. हवेतून करायचं असेल तर डब्ल्यूपीसीचा (वारंवारतांचे परवाने देणाऱ्या सरकारी विभागाचा) प्रायोगिक परवाना काढावा लागतो.

आणि पहिलं काम पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हाचं. फोनवर जी-नेटट्रॅकसारखं ॲप घाला. घरात चुलीपाशी, ओटीवर, अंगणात, परसात झाडाखाली आणि टॉवर दिसतो त्या वळणावर, अशा पाच जागा ठरवा. प्रत्येक जागी आरएसआरपी (टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये), बँड आणि सेलचा क्रमांक लिहा, मग तीन वेळा डाउनलोड आणि तीन वेळा अपलोडचा वेग घ्या. फोन हातात धरून एकदा, लाकडी स्टुलावर ठेवून एकदा. सकाळी करा आणि रात्री नऊला पुन्हा करा. आरएसआरपी उणे ११२ च्या खाली असताना डाउनलोड बरं आणि अपलोड जवळपास शून्य येत असेल, तेही दोन्ही वेळेला, तर माझं निदान बरोबर निघालं. दोन्ही एकदमच रात्री पडत असतील तर मी चुकलो, तो गर्दीचा प्रश्न आहे आणि विषय बदलावा लागेल.

ही फेरी पाऊस सुरू होण्याआधी एकदा करा, ऐनाची झाडं उघडी असताना, आणि ऑगस्टमध्ये पानं भरून ओली झाली की त्याच पाच जागी पुन्हा. पहिल्या फेरीचे आकडे आले की इथेच टाका. ओल्या झाडीने तुमच्या परसात किती डीबी खाल्ले ते मलाही बघायचं आहे.